रुळाचं टोक आणि बाजाराचा भाव

११ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा टाकी-वाघिणींची एक गाडी सुटली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरच्या स्टेशनात उभी राहिली. आत कृष्णेचं पाणी होतं, पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलेलं, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावलेली. थोड्याच दिवसांत दहाच्या पन्नास वाघिणी झाल्या आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर येऊ लागलं. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. म्हणजे एका गाडीतून माणशी साडेसहा लिटर. तेवढंच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं तर अडीचशे टँकर लागले असते, आणि प्रत्येकाला शेकडो किलोमीटर येऊन तेवढंच परत जावं लागलं असतं.

वर्तमानपत्रांनी तहानेची बातमी छापली, आणि ती छापायलाच हवी होती. पण त्या गाडीचा मार्ग नकाशावर बोटाने धरून पाहिला की थक्क व्हायला होतं. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. ही जवळजवळ संपूर्ण बार्शी लाइट आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन रुळांमध्ये अवघं ७६२ मिलिमीटर अंतर असलेली, जिच्यातून वारकरी पंढरीला गेले आणि कापूस मुंबईला गेला, तीच गाडी. कुर्डुवाडी ते लातूर या भागात मोठा रूळ २००८ मध्ये पूर्ण झाला. पंढरपूर-मिरजेचं काम त्यानंतर संपलं. हाच दुष्काळ दहा वर्षं आधी पडला असता, तर ती पाण्याची गाडी निघालीच नसती.

का निघाली नसती, याचं उत्तर एका इंग्रज इंजिनिअरच्या हट्टात आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप त्याचं नाव. बार्शी हे कापसाचं मोठं गाव, आणि मुख्य लोहमार्गावरचं बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून चौतीस-पस्तीस किलोमीटर लांब. इतक्या लहान पल्ल्यासाठी मोठा रूळ टाकणं कोणालाच परवडत नव्हतं. कॅलथ्रॉपने प्रश्न उलटा धरला. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती भार पडतो यावर ठरतं. चिखलात टाचेवर उभं राहिलं तर पाय रुततो, फळी टाकून उभं राहिलं तर रुतत नाही. त्याने नियम केला: इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, एकाही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. मग मीटरला पंधरा-सोळा किलोचा बारीक रूळ पुरला. आज मुख्य मार्गांवर साठ किलोचा टाकतात. पूल हलके झाले, वळणं आखूड चालली, खर्च उतरला आणि १८९७ मध्ये बार्शीला गाडी आली. (याच माणसाने पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली.)

आता पाण्याच्या गाडीचा हिशेब करा. एका वाघिणीत पन्नास टन पाणी, रिकाम्या वाघिणीचं वजन पंचवीस टनांच्या वर, आणि हे सगळं पेलायला चार आस. म्हणजे एका आसावर एकोणीस टनांच्या आसपास. कॅलथ्रॉपच्या नियमाच्या जवळजवळ चौपट. ज्या काटकसरीने बार्शी आणि लातूरला गाडी मिळवून दिली, त्याच काटकसरीने पुढची शंभर वर्षं या गावांच्या मालाला मर्यादा घातली. लोहमार्गाच्या वादात हे नेहमी होतं: आज परवडतं म्हणून जे स्वीकारलं, तेच उद्या अडवून धरतं.

बार्शी लाइट पुढे १९०६ मध्ये पंढरपूरला गेली, १९११ मध्ये निजामाच्या राज्यातल्या लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. लातूरला ती थांबली आणि थांबूनच राहिली. लातूर हे टोक झालं. टोक असणं ही साधी गोष्ट नव्हे. गाडी जिथून पुढे जात नाही, तिथे पलीकडच्या सगळ्या मुलखातला माल बैलगाड्यांनी येऊन पडतो. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर या बाजूंच्या गाड्या लातूरकडे वळल्या. गाडी आली १९११ मध्ये, आणि १९१७ मध्ये फयाजुद्दीन या नगररचनाकाराने लातूरच्या बाजारपेठेचा आराखडा काढला: मधोमध एक गोल, आणि त्याला सगळीकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. हीच गंजगोलाई. १९४५ मध्ये तिथली मोठी दुमजली इमारत उभी राहिली. जगदंबेच्या देवळाभोवती आजही एका रस्त्याला सोनं, एकाला चपला, कुठे मिरची, कुठे गूळ असा बाजार भरतो. गाडी आल्यावर सहाच वर्षांत एका आडवळणाच्या गावाने सोळा दिशांनी येणारा माल गृहीत धरून स्वतःची आखणी करावी, याचं मला फार अप्रूप वाटतं. रुळाचं टोक म्हणजे काय, हे त्या माणसाला नेमकं कळलं होतं.

यामागचं गणित डायोनिसियस लार्डनर या आयरिश लेखकाने १८५० मध्येच मांडून ठेवलं होतं. एका रकमेत माल जितका लांब नेता येतो, ती बाजाराची त्रिज्या. वाहतूक निम्म्या खर्चात होऊ लागली की त्रिज्या दुप्पट होते. पण क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं, म्हणून बाजाराला माल देणारा मुलूख चौपट होतो. भाडं निम्मं, मुलूख चौपट! अडत दुकानात बसलेल्या माणसाला हे सूत्र कोणी शिकवलेलं नसतं, पण त्याचा सगळा धंदा त्यावर उभा असतो. तो बाहेरचा भाव फोनवर ऐकतो, त्यातून भाडं, हमाली, तूट वजा करतो आणि समोरच्या ढिगाला भाव बोलतो. शेतकऱ्याच्या हाती पडणारा पैसा म्हणजे लांबच्या बाजाराचा भाव उणे वाटेतला खर्च. वाटेतला खर्च कमी झाला की तोच माल, तोच बाजार, पण खळ्यावरचा भाव वर सरकतो.

शेजारच्या नांदेडची गोष्ट निराळ्या रुळावर घडली, आणि हे अगदी शब्दशः. निजामाच्या काळात हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे एकोणिसावं शतक संपता संपता टाकली गेली: मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून हैदराबादकडे. तिचा रूळ मीटर गेजचा, बरोबर एक मीटर. मुंबईकडची गाडी मोठ्या रुळाची, १६७६ मिलिमीटर. तिकडे विकाराबाद-परळी मार्गावर, लातूर शहरापासून तासाभराच्या आत असलेल्या लातूर रोड स्टेशनात, मोठा रूळ. लातूर शहरात अरुंद रूळ. नांदेडला मधला. दोन शेजारी जिल्ह्यांत तीन मापांचे रूळ, आणि एका मापाची वाघीण दुसऱ्या मापावर एक वीतही सरकत नाही.

म्हणून मनमाड आणि कुर्डुवाडी ही दोन नावं मराठवाड्याच्या व्यापाऱ्याला जकातनाक्यासारखी झाली. नांदेडहून निघालेली कापसाची गाठ, वजन पावणेदोनशे किलोच्या घरात, मनमाडला लहान वाघिणीतून ओढून काढायची, फलाटावरून पलीकडे न्यायची आणि मोठ्या वाघिणीत पुन्हा रचायची. धान्याची पोती असतील तर हमालाने पाठीवर घ्यायची. पलीकडची वाघीण वेळेत आली नाही तर माल तिथेच पडून. पोतं फाटलं तर सांडलं, पाऊस आला तर भिजलं. त्या फलाटावर मालाचं मोल वाढत नव्हतं, फक्त खर्च वाढत होता, आणि तो खर्च भरत होता सरतेशेवटी मुदखेडचा, वसमतचा, औशाचा शेतकरी. भूगोलाने हा माल मुंबईपासून सहाशे किलोमीटरवर होता. व्यवहारात त्याहून कितीतरी लांब.

गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणाची मागणी वर्षानुवर्षं लावून धरली, ती याच कारणाने. हैदराबाद मुक्तिसंग्रामातून आलेला माणूस रुळाच्या मापासाठी का भांडतो, असा प्रश्न तेव्हा काहींना पडला असेल. त्यांना राजकीय मुक्तीनंतरची अडवणूक कुठे आहे ते दिसत होतं. मनमाड ते औरंगाबाद मोठा रूळ आला १९९२ मध्ये, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, आणि मग टप्प्याटप्प्याने पुढे. दरम्यान वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष मोजून दाखवला: एकूण सुमारे ३१८६ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा वाटा ७५० कोटींचा. पुढे १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. २०२० मध्ये त्यांची मुदत संपली. आकडे मोजले गेले हे मोठं काम. पण रूळ एकेरी की दुहेरी, धक्का कुठे, गाडी कोणत्या गावी थांबते, या गोष्टी अनुशेषाच्या कोष्टकात धड मावत नाहीत.

वाटेतल्या खर्चाची आणखी एक वजाबाकी आहे, ती डाळ मिलमध्ये दिसते. तूर आत जाते, तिला तेल-पाणी लावून वाळवतात, मग सालं निघतात आणि दाणा दुभंगतो. शंभर किलो तुरीतून सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ हाती येते; बाकी चुनी आणि टरफल, जे गुरांच्या पेंडीत जातं. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हा विचार मांडला: ज्या मालाचं वजन प्रक्रियेत घटतं, त्याचा कारखाना कच्च्या मालाजवळ असावा, नाहीतर टरफलाचंही भाडं भरावं लागतं. लातूरच्या डाळ मिल लातूरलाच का, मुंबईला का नाहीत, याचं हे सरळ कारण आहे. शेतातली तूर जवळच भरडली, की मुंबईला, हैदराबादला, दिल्लीला फक्त खाण्याचा भाग जातो आणि चुनी इथल्याच गोठ्यात राहते.

पण रूळ आणि रस्ते दोन्ही दिशांना चालतात. तुरीची आयात सरकारने शुल्कमुक्त ठेवली, ती मुदत वाढवत वाढवत मार्च २०२६ पर्यंत नेली. मोझांबिकची, म्यानमारची तूर जहाजाने बंदरात उतरते, आणि मग बंदराजवळची मिल ही कच्च्या मालाजवळची मिल होऊन बसते. वेबरचं सूत्र तेच, फक्त शेत बंदरात सरकलेलं. सोयाबीनचंही असंच. दाण्यात तेल पाचव्या हिश्शाच्या आसपास, बाकी मुख्यतः पेंड. पेंड बाहेर विकली गेली तर भाव टिकतो. तेल बाहेरून स्वस्त आलं तर पडतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क २० टक्के झालं, मे २०२५ अखेर ते १० वर आणलं. त्या २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये होता आणि मराठवाड्यातल्या बाजारात माल त्याच्या खाली जात होता. विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनचा भाव हा उगीच मुद्दा झाला नव्हता. दिल्लीत शुल्क बदलतं आणि लातूरच्या आवारात तोंडं उतरतात. म्हणून वाहतूक आणि शुल्क यांचा वाद वेगवेगळा मांडू नये असं मला वाटतं. वाहतूक कितीही स्वस्त करा, शुल्काचा एक आदेश ती सगळी बचत गिळू शकतो.

आणि आता राजकारण. शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे. शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री देणारे हे दोन जिल्हे एकमेकांना चिकटून आहेत. तरी नांदेडहून लातूरला थेट लोहमार्ग नाही! रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आतलं अंतर. गाडीने जायचं तर पूर्णा, परभणी, परळी, लातूर रोड असा मोठा फेरा. शिवाय कारभारही दोन घरांत वाटलेला. लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेत, जिचं मुख्यालय सिकंदराबादला. नांदेडचा स्वतंत्र विभाग १ एप्रिल २००३ ला झाला, पण तो मध्य रेल्वेला जोडा ही मागणी तशीच उभी आहे. माल मुंबईकडे जायचा, आणि गाड्यांचं वेळापत्रक ठरायचं तेलंगणात, ही तक्रार मला रास्त वाटते.

दोन शहरांमधली चढाओढ मात्र दुसऱ्याच गोष्टींवर पेटत राहिली. जानेवारी २००९ मध्ये नवं महसूल आयुक्तालय नांदेडला देण्याचा निर्णय झाला आणि लातूर रस्त्यावर उतरलं. २०१७ मध्ये लातूर-मुंबई एक्स्प्रेस बिदरपर्यंत वाढवली, तेव्हा पुन्हा आंदोलन. बाहेरच्यांना ही भावनिक हमरीतुमरी वाटली. पण टोकाचं महत्त्व ज्याला माहीत आहे त्याला लातूरकरांचा राग समजतो. गाडी लातूरहून सुटते तेव्हा सगळी आसनं लातूरची. ती बिदरहून सुटली की लातूरला उरलेली. मुंबईला रात्री निघून सकाळी खरेदी करून परतणाऱ्या छोट्या दुकानदारासाठी ते आसन म्हणजे भांडवल आहे. शेवटी आठवड्याचे दिवस वाटून घेतले गेले. बिदरकरांचीही गरज खरी होती, हे तितक्याच मोकळेपणाने म्हणायला हवं.

सध्याचा मोठा वाद शक्तिपीठ महामार्गाचा. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आखणीत ८०२ किलोमीटर, बारा जिल्हे, त्यात नांदेड आणि लातूर दोन्ही. नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येईल, असं सरकार सांगतं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद मान्य केली. कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत शेतकरी विरोधात उभे आहेत. नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूरकडची जमीन इसापूर धरणाच्या पाण्यावर केळी आणि हळद पिकवते; केळीचा घड उतरवला की काही तासांत हाताळावा लागतो, म्हणून तिथे शेत, पॅकिंग आणि मजूर यांची घडी शेजारी-शेजारी बसलेली असते. त्या घडीच्या मधून कुंपणाचा रस्ता गेला, तर मोबदला एकरांचा मिळेल, घडीचा कोण देणार? शिवाय नागपूर-रत्नागिरी महामार्ग याच पट्ट्यातून, नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूरवरून, जातो आहे.

रस्त्याच्या बाजूनेही म्हणण्यासारखं आहे. चांगला रस्ता नसता तर लातूरच्या शिकवणी वर्गांभोवती उभी राहिलेली खानावळींची, वसतिगृहांची, पुस्तकांच्या दुकानांची अर्थव्यवस्था वाढली नसती. पण प्रवेश नियंत्रित असलेल्या महामार्गाचा एक गुण व्यापाराच्या हिशेबात फार जड जातो: त्यावर हवं तिथे चढता येत नाही. बार्शी लाइट रडतखडत चालायची, पण स्टेशनागणिक माल उचलायची. द्रुतगती मार्ग दोन टोकांना जवळ आणतो. मधल्या गावाला त्याचा आवाज ऐकू येतो आणि जिथे चढता येतं ते ठिकाण तीस किलोमीटरवर असतं. कोणत्याही नव्या मार्गाच्या जाहिरातीत मी आधी तास किती वाचतात हे बघत नाही. चढायची-उतरायची ठिकाणं कुठे आहेत आणि तिथून बाजार समितीचं आवार किती लांब आहे, हे शोधतो. समृद्धी महामार्गाला जोडायच्या, सुमारे १८० किलोमीटरच्या जालना-नांदेड द्रुतगती मार्गाचीही हीच परीक्षा घ्यावी.

धाराशिवने ही परीक्षा एकदा पार केली आहे. जुनी बार्शी लाइट त्या शहराला टाळून येडशीवरून जायची. जिल्ह्याचं ठिकाण शतकभर गाडीविना राहिलं. रुंदीकरणाच्या वेळी लोकांनी हट्ट धरला, मार्ग वळवला गेला, काही किलोमीटर वाढले आणि आज गाडी धाराशिवला थांबते. इंजिनिअरच्या पट्टीने तो वळसा आहे. तिथल्या दुकानदाराच्या पट्टीने तेवढाच भाग सरळ आहे.

लातूरला रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला, आणि आता भारत-रशिया भागीदारीतल्या किनेट कंपनीकडे १२० वंदे भारत गाड्यांचं काम आहे. मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेडपर्यंत आली. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला जुलै २०२५ मध्ये केंद्राने मान्यता दिली. यातलं तिसरं काम सर्वांत कमी गाजलं आणि धंद्याच्या दृष्टीने सर्वांत मोठं आहे. एकेरी रुळावर समोरून गाडी आली की दुसरीला स्टेशनात थांबावं लागतं, आणि प्रवासी गाडीपुढे मालगाडीच थांबते. दुसरा रूळ पडला की वाट पाहण्यात गेलेले तास मालाला परत मिळतात.

त्यानंतरची मागणी नांदेड-लोहा-लातूर रोड या थेट लोहमार्गाची. लोह्याला आणि अहमदपूरला आजवर रूळ पोचलेला नाही. तिथली तूर आणि सोयाबीन टेम्पोत भरून कधी नांदेडला, कधी लातूरला जातं, जिथला भाव त्या दिवशी बरा असेल तिथे. हा मार्ग झाला तर दोन बाजारांच्या त्रिज्या एकमेकांत शिरतील आणि मधल्या शेतकऱ्यासाठी दोन्हीकडचे अडते बोली लावतील. दोन्ही शहरांतल्या पुढाऱ्यांनी एकत्र येऊन दिल्लीत मागण्यासारखं याच्याइतकं लाभाचं दुसरं काम मला दिसत नाही, आणि आयुक्तालयाच्या वादासारखं त्यात एकाने मिळवलं म्हणून दुसऱ्याने गमावलं, असंही काही नाही.